जुन्या मोटारी आणि इंधनाची काटकसर

१९७३ च्या अखेरीस पश्चिम आशियातील तेल उत्पादक देशांनी खनिज तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि अवघ्या काही महिन्यांत तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या. इंधनाची काटकसर हा केवळ घरखर्चाचा प्रश्न नसून राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचाही प्रश्न आहे, याची जाणीव त्या आघाताने करून दिली. पुढे १९७८ साली इंधनबचतीच्या प्रसारासाठी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. आजही आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली अ‍ॅम्बॅसॅडर आणि १९८३ च्या अखेरीस अवतरलेली मारुती ८०० या गाड्यांनी कित्येक मराठी कुटुंबांना मोटारीचे पहिले सुख दिले. त्यांपैकी काही आजही वापरात आहेत. नवी मोटार घेणे प्रत्येकालाच परवडते असे नाही. तेव्हा हाती असलेल्या जुन्या वाहनाकडून अधिक काटकसरीने काम कसे करून घ्यावे, हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रथम मोजमाप

दुरुस्तीपूर्वी मोटार एका लिटरमध्ये किती अंतर जाते याची नोंद आवश्यक आहे. टाकी काठोकाठ भरून अंतर टिपून ठेवावे. दोनतीनशे किलोमीटर प्रवासानंतर त्याच पंपावर टाकी पुन्हा तशीच भरावी आणि कापलेल्या अंतरास भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन वेळा करून सरासरी काढावी. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसविले असल्यास अंतरमापक प्रत्यक्षाहून कमी अंतर दाखवितो आणि हिशेब चुकतो, हेही ध्यानात ठेवावे.

ठिणगी, हवा आणि पेट्रोल

पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण एक चतुर्थांश भागच चाकांपर्यंत पोचतो. उरलेली ऊर्जा मुख्यतः उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जाते. त्यामुळे ज्वलन बिघडले की मूळच्या अल्प लाभातही घट होते. पूर्ण ज्वलनासाठी एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण बिघडल्याची साक्ष स्पार्क प्लग देतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे असे समजावे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, पांढुरके टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा प्लग अतितप्त, तर ओलसर तेलकट थर म्हणजे इंजिनातील तेल वर चढत असल्याची खूण होय.

साधारणतः २००० सालापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर असतो. त्याचे झिजलेले जेट, फ्लोटची चुकीची पातळी आणि पूर्ण न उघडणारा चोक ही अपव्ययाची नेहमीची कारणे आहेत. इंजिन तापल्यावर चोकची झडप पूर्ण उघडते की नाही, हे एअर फिल्टरचे झाकण काढून डोळ्यांनी पाहता येते. या गाड्यांत एअर फिल्टर चोंदला तर पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजेक्शन पद्धतीच्या मोटारीत मात्र नियंत्रक हवेनुसार पेट्रोल बेतून देतो. तेथे चोंदलेल्या फिल्टरमुळे मुख्यतः शक्ती घटते, इंधनखर्चात फारसा फरक पडत नाही. अशा मोटारीत ऑक्सिजन सेन्सर व तापमान सेन्सर यांची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.

जुन्या डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट झिजले की ठिणगी दुबळी होते आणि टायमिंगही सरकते. त्याच डिस्ट्रिब्यूटरला जोडलेल्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याचा पडदा फाटल्यास संथ चालीत ठिणगी योग्य वेळी पुढे सरकत नाही व पेट्रोल वाया जाते. त्याची नळी तोंडाने ओढून पाहिल्यास पडदा शाबूत आहे की नाही हे लगेच कळते.

थर्मोस्टॅटची उपेक्षा

उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रूढी आपल्याकडील अनेक गॅरेजांत दिसून येते. ही बचतीच्या मुळावर येणारी दुरुस्ती होय. थर्मोस्टॅट नसला की थंड पाणी सतत फिरत राहते आणि इंजिनास योग्य तापमान गाठण्यास विलंब लागतो. थंड इंजिनास अधिक पेट्रोल लागते, तेल घट्ट राहिल्याने घर्षण वाढते आणि झीजही लवकर होते. इंजेक्शनच्या मोटारीत तर इंजिन अद्याप थंडच आहे असे समजून नियंत्रक जादा पेट्रोल सोडत राहतो. इंजिन तापत असल्यास चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा, निकामी पंखा किंवा पाण्याचा पंप यांपैकी खरे कारण शोधावे.

चाकांपाशी होणारा अपव्यय

इंजिन उत्तम असूनही पेट्रोल अधिक लागत असेल तर दृष्टी चाकांकडे वळवावी. जॅकवर उचलून, गिअर सोडून, प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. मोकळेपणी न फिरणारे चाक म्हणजे घासणारा ब्रेक किंवा बिघडलेले बेअरिंग. टायरांतील हवा गाडी थंड असतानाच मोजावी. चाकांची संरेखा बिघडली असल्यास टायरांच्या एका कडेची झीज अधिक होते व इंजिनावरील भारही वाढतो. चढावर इंजिनाचा वेग वाढूनही गाडी पुढे ओढत नसेल तर क्लच घसरतो आहे असे समजावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

२०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोचले. ऊस पिकविणाऱ्या महाराष्ट्राला या धोरणाचा लाभ आहे. तथापि जुन्या वाहनधारकांनी त्याचे परिणाम समजून घ्यावयास हवेत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. त्यामुळे या मिश्रणात लिटरमागे सहा ते सात टक्के ऊर्जा कमी मिळते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरमधील मिश्रण विरळ होते. म्हणून अशा गाडीचा कार्बोरेटर जाणकाराकडून नव्याने जुळवून घ्यावा.

याहून गंभीर बाब रबरी भागांची. जुन्या पेट्रोल-नळ्या, वायसर आणि पंपाचा पडदा इथेनॉलमुळे फुगून अथवा चिरून गळू लागण्याचा संभव असतो. तापलेल्या इंजिनावर पडलेला पेट्रोलचा थेंब आगीस निमंत्रण देतो. यांत्रिक पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल थेट इंजिनातील तेलात उतरते. तेलाच्या दांडीला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नये. या नळ्या व पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या साहित्याचे बसवून घेणे, हे जुन्या मोटारीच्या दुरुस्तीतील पहिले काम मानावे.

फेरबदल : कोणते योग्य?

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नायलॉन टायरांऐवजी योग्य मापाचे रेडियल टायर आणि सतत फिरणाऱ्या पंख्याऐवजी तापमानानुसार चालणारा विजेचा पंखा हे फेरबदल शास्त्रीयदृष्ट्या उचित आहेत. टपावरील कॅरिअर काम नसताना उतरवून ठेवावा. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर केल्यास हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो आणि कॅरिअर त्यात भरच घालतो.

पेट्रोलच्या नळीवर बसविण्याची चुंबके व टाकीत टाकण्याच्या गोळ्या यांच्या मोहात पडू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक इंधनबचत-साधने तपासली. त्यांतील फारच थोड्या साधनांमुळे, तोही नाममात्र, फरक पडल्याचे आढळले. इंजिन बदलणे किंवा सी.एन.जी. संच बसविणे यांसारख्या बदलांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संच, अधिकृत केंद्र आणि नोंदणीपुस्तकातील नोंद या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

घाट उतरताना

बोरघाट वा कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची सवय घातक आहे. गिअर सुटला की सारा भार ब्रेकवर येतो व ते तापून निकामी होऊ शकतात. इंजिन बंद असल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्यही थोड्याच वेळात संपते. इंजेक्शनच्या मोटारीत तर गिअर घालून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना पेट्रोलचा पुरवठा बहुतांशी आपोआप थांबतो. म्हणजे सुरक्षित मार्गच येथे काटकसरीचाही आहे.

खर्चाचा मेळ

वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी मोटार लिटरला १२ किलोमीटर जात असेल तर तिला ८३३ लिटर पेट्रोल लागते. हेच प्रमाण १४ वर गेल्यास ७१४ लिटर पुरतात. लिटरला १०० रुपये धरल्यास ही ११९ लिटरची बचत सुमारे १२,००० रुपयांची होते. प्लग, नळ्या, थर्मोस्टॅट, ब्रेक आणि चाकांची संरेखा यांवरील माफक खर्च या हिशेबाने भरून निघू शकतो. इंजिनाचे संपूर्ण नूतनीकरण मात्र केवळ इंधनबचतीसाठी करणे क्वचितच परवडते. निळसर धूर, तेलाचा वाढता खप आणि कॉम्प्रेशनच्या चाचणीत सिलिंडरांमध्ये दिसणारी मोठी तफावत या खुणा असतील तरच तो विचार करावा. खासगी मोटारीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपल्यावर नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. मोठा खर्च करण्यापूर्वी मोटार त्या वेळच्या योग्यता-तपासणीत टिकेल की नाही, याची खात्री करून घ्यावी.

नीट जुळविलेले इंजिन कमी पेट्रोल जाळते आणि धूरही कमी सोडते. एक लिटर निव्वळ पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले म्हणजे वाहनधारकाच्या काटकसरीचा लाभ त्याच्या खिशापुरता मर्यादित राहत नाही, हे स्पष्ट होईल.