रेंज गेली तरी ठिपका सरकतो

नवरात्रात टेंभी नाक्याकडे गाडी घालायचा वेडेपणा जुना ठाणेकर करत नाही. बाकीचे मोबाइलच्या नकाशावर विसंबून येतात आणि आज नेमका कुठला रस्ता बंद आहे, हे इवल्याशा पडद्यावर डोळे बारीक करून शोधत बसतात. मग घरी विषय निघतो, गाडीसाठी आठ इंची टॅब घेऊन टाकू या का? दिवाळीच्या ऑफर तोंडावर असतातच.

घ्यायला हरकत नाही. पण रॅम आणि कॅमेऱ्याची चौकशी नंतर. आधी विचारा, यात जीपीएस आहे का? दुकानदार म्हणेल, नकाशा चालतो. चालतोच, पण जागा ओळखायची कशी, हा खरा प्रश्न. आयपॅडमध्ये जीपीएस फक्त सिमवाल्या मॉडेलला असतं, नुसत्या वायफायच्या मॉडेलला नसतं. अँड्रॉइडमध्ये ते मॉडेलगणिक बदलतं, म्हणून खोक्यावरचा बारीक मजकूर वाचावा. जीपीएस नसलेला टॅब आसपासच्या वायफाय राउटरवरून अंदाज बांधतो. नौपाड्यात हे जमून जातं. मुरबाड सोडून माळशेजच्या वाटेला लागलं की राउटर कुठून आणणार?

याच्या उलट एक गैरसमज आहे. घाटात रेंज गेली की ‘जीपीएस गेलं’ असं सर्रास म्हणतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश सोडत असतात. टॅब त्यांना काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून तो आपली जागा काढतो. त्यात मोबाइल टॉवरचं काम नाही. रेंज गेल्यावर अडतं ते नकाशाचं चित्र, म्हणून तेवढा भाग घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवावा. मात्र उतरवलेला नकाशा घोडबंदर रोड तुंबलाय हे सांगणार नाही. त्याला इंटरनेटच हवं. म्हणजे शहरात सिम किंवा फोनचा हॉटस्पॉट, घाटात उतरवलेला नकाशा.

आणखी एक खुबी. स्वतः नेमका कुठे आहे, हा तपशील प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. रेंज असेल तर टॅब तो इंटरनेटवरून झटकन उचलतो, नसेल तर आकाशाकडून मिळेपर्यंत थांबतो. म्हणून नकाशा ठाण्यातच सुरू करावा, घाटात पोचल्यावर नव्हे. बोगद्यात मात्र चांगल्यातल्या चांगल्या टॅबचा ठिपकाही थबकतो. डोंगराच्या पोटात आकाश कुठलं?

दुसरी अडचण उन्हाची. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा आणि ४५ अंशांपेक्षा तापलेल्या जागी ठेवू नये, असं अ‍ॅपल स्वतःच सांगते. मे महिन्यात उन्हात लावलेली बंद गाडी हा आकडा सहज ओलांडते. काचेमागे दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या टॅबची बॅटरी लवकर थकते, कधी फुगतेही. उतरताना तो पिशवीत घाला, चोराचीही चिंता मिटेल. गाडीतल्या जुन्या यूएसबीवर टॅब जेमतेम चार्ज होतो. १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा दमदार चार्जर घ्यावा.

बसवायचा कुठे, यावर माझं मत ठाम आहे: कुठेच नाही. एसीच्या जाळीला अडकवायचा होल्डर फोनपुरता ठीक. तीनशे ग्रॅमच्या टॅबने पहिल्या दोन खड्ड्यांत जाळीची पट्टी मोडते. काचेला चिकटवला तर समोरचा रस्ता झाकला जातो. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर ठेवला, तर तिथे एअरबॅग असते आणि ती उघडली की टॅब शेजारच्याच्या तोंडावर. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालकाला हातातलं असं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित न होता. रेल्वेचंच बघा: लांब पल्ल्याच्या गाड्यांत टीसींच्या हाती कागदी चार्टऐवजी आता टॅबसारखं यंत्र आलंय. रिकामा बर्थ ते जागच्या जागी नोंदवतात. तिथे यंत्र हाताळणारा वेगळा आणि गाडी हाकणारा वेगळा. मोटारीतही टॅब शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे असावा. त्याने वळण सांगावं, पुढचा पेट्रोल पंप शोधावा, मागच्या पोरांना एखादा सिनेमा लावून द्यावा.

एकट्याने गाडी हाकत रोज ठाणे-डोंबिवली करणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. त्याने फोनसाठी एक मजबूत होल्डर घ्यावा आणि रस्ता कानाने ऐकावा.