सहल जवळची, प्रश्न एक : कृष्णाकाठची सहल आणि ‘माझी सहल’ हा निबंध



आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘आज आर्थर सीटला आलोय.’ लगेच उत्तरं सुरू. ‘महाबळेश्वरपर्यंत आलास आणि साताऱ्याला घरी नाही आलास?’ ‘येताना स्ट्रॉबेरी आण.’ मग उलगडा झाला. पोरगं होतं स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा शहरात शिकायला. तिथेही शहराला लागून एक टेकडी आहे आणि तिचंही नाव आर्थर सीट!

नंतर फोनवर बोलणं झालं. म्हणाला, “सर, इथं फिरायला पैसे लागतात असं वाटलं होतं. पण बूट चांगले असले आणि डबा बरोबर असला की दिवस निघतो.” आठवडाभर कॉलेज, उरलेल्या वेळात थोडी नोकरी. परदेशी विद्यार्थ्यांना तिथं सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टेकडी, नाहीतर समुद्रकिनारा. पाऊस आला तर राष्ट्रीय संग्रहालय, तिथं प्रवेश फुकट. तिथं राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या मुलांना २०२२ पासून बसचा प्रवासही मोफत आहे. २००३ च्या कायद्यानं माळरानावर, डोंगरावर, नदीकाठी जबाबदारीनं हिंडायचा हक्कच लोकांना दिलाय. उभ्या पिकात शिरायचं नाही, कचरा टाकायचा नाही, कुणाच्या घरादाराला त्रास द्यायचा नाही, एवढं पाळलं म्हणजे झालं.

त्याचं बोलणं ऐकताना मला आमच्या शाळेच्या सहली आठवल्या आणि खरं सांगतो, थोडं ओशाळल्यासारखं झालं.

न गेलेल्या सहलीचा निबंध

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या शाळेत होतो तिथली सहल वॉटर पार्कला गेली होती. परत आल्यावर नेहमीप्रमाणे सातवीला ‘माझी सहल’ हा निबंध दिला. ‘आम्ही पहाटे लवकर उठलो. गाडीत गाणी म्हटली. खूप मजा आली. ही सहल मी कधीच विसरणार नाही.’ चाळीस वह्यांत थोड्याफार फरकानं हेच. एका मुलीचं अक्षर सुंदर, शुद्धलेखन चोख. मी तिला दहापैकी आठ गुण दिले.

दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीनं सहज सांगितलं, “सर, ती कुठं आली होती सहलीला? तिच्या घरी पैसे नव्हते.”

मी वही पुन्हा काढली. ‘आम्ही पाण्यात खूप खेळलो’ हे वाक्य तिनं गाईडमधून घेतलं होतं. ती आली नाही हे मला हजेरीवरून कळायला हवं होतं, ते कळलं नाही. निबंधावरून तर कळायची सोयच नव्हती, कारण गेलेल्या मुलांचे निबंधही तिच्यासारखेच होते. जाऊन आलेल्या आणि न गेलेल्या मुलाचा निबंध सारखाच येत असेल, तर चूक मुलांची नाही, सहलीची आहे. तेव्हापासून आमच्या सहलीला मी दोन अटी घातल्या. सहल इतकी जवळची आणि स्वस्त हवी की वर्गातलं एकही मूल मागे राहू नये. आणि सहलीला एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर तिथं गेल्याशिवाय मिळत नाही.

एडिंबराचे गुरुजी मुंबईत

ही कल्पना काही माझी नव्हे. पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) नावाचे एक स्कॉटिश शास्त्रज्ञ होऊन गेले. मूळचे वनस्पतिशास्त्राचे, पुढे नगररचनेकडे वळले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक हेच. शिक्षणात डोक्याबरोबर हात आणि हृदयही हवं, असा त्यांचा आग्रह. एडिंबरात त्यांनी एक उंच मनोरा शिक्षणासाठी वापरला. पाहुण्याला आधी थेट वर न्यायचं आणि तिथून शहर, टेकड्या, समुद्र दाखवायचा. मग खाली उतरताना एकेका मजल्यावर शहराची, देशाची, युरोपची आणि शेवटी जगाची माहिती. म्हणजे जग समजून घ्यायची सुरुवात आपल्या गावापासून.

त्यांची दुसरी एक युक्ती आपल्याला फार उपयोगी आहे. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा एक आडवा छेद काढायचा आणि कुठल्या उंचीवर कोणती माणसं काय काम करतात ते बघायचं. वर खाणकामगार आणि लाकूडतोडे, मध्ये मेंढपाळ, खाली शेतकरी, अगदी शेवटी कोळी. नदीच्या रेषेवर भूगोल, इतिहास आणि माणसांचं पोट हे तिन्ही एकत्र दिसतं.

सातारा आणि सांगलीकरांना अशी रेषा शोधायला लांब जायला नको. ती आपल्या दारातून वाहते. कृष्णामाई!

कृष्णेच्या काठानं पाच थांबे

हे पाचही थांबे एका दिवसात करायचे नाहीत. आपल्या शाळेला जवळचा एक निवडायचा. पाचवी ते नववी दरवर्षी एक थांबा केला, तर शाळा सोडेपर्यंत मुलानं दोन जिल्ह्यांतली अख्खी नदी पाहिलेली असेल.

*१. महाबळेश्वर. प्रश्न : पाणी कुठल्या बाजूला जाणार?*
जुन्या महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटर. पण कृष्णा तिकडं न जाता पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथून आपल्या आर्थर सीटला जा. समोर सावित्रीची खोल दरी दिसते, तिचं पाणी मात्र कोकणात उतरतं. ‘जलविभाजक’ हा पुस्तकातला अवघड शब्द इथं मुलाला पायाखाली सापडतो. कड्याचे थर नीट दाखवा. हा लाव्हाचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एडिंबराची आर्थर सीटही विझलेला ज्वालामुखीच आहे, वय सुमारे ३४ कोटी वर्षं. तिच्या शेजारच्या कड्यावरचे खडक पाहूनच जेम्स हटन या स्कॉटिश माणसानं अठराव्या शतकात सांगितलं, की हा दगड कधीकाळी वितळलेला होता आणि तो जुन्या थरांत घुसलाय. त्यानं केलं काय, तर शहराजवळच्या टेकडीकडं नीट पाहिलं.

*२. वाई आणि मेणवली. प्रश्न : ही घंटा इथली नाही, हे कशावरून ओळखाल?*
मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीचा देखणा घाट आहे. तिथल्या मंदिराजवळची मोठी घंटा युरोपीय घडणीची. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आलेल्या घंटांपैकी ती एक. आधी सांगू नका. मुलांना निरखू द्या, अंदाज बांधू द्या, मग वसईची गोष्ट सांगा. इतिहासाचा तास तिथंच होतो.

*३. कराड. प्रश्न : दोन नद्या समोरासमोर कशा भेटतात?*
बहुतेक नद्या तिरक्या येऊन मिळतात. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि एकत्र होऊन पूर्वेला वळतात. म्हणून हा प्रीतिसंगम. मुलांना उभ्या जागेवरून नकाशा काढायला सांगा. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी इथंच आहे.

*४. सांगलीचा आयर्विन पूल. प्रश्न : पाणी कुठपर्यंत आलं होतं?*
हा पूल १९२९ चा. इथं पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हे आकडे फळ्यावर लिहून काही कळत नाही. पुलावर जाऊन खाली बघितलं की पोटात गोळा येतो. घरी गेल्यावर आजीला विचारायचं, २००५ ला आणि २०१९ ला आपल्याकडं किंवा पाहुण्यांकडं पाणी कुठं होतं? काय वर ठेवलं, काय गेलं? यातून जे लिहिलं जातं ते कुठल्याच गाईडमध्ये नसतं.

*५. हरिपूर. प्रश्न : ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग आला कुठून?*
सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं मंदिर आहे. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. आणि हे गाव हळद साठवायच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं, तोंडाला अरुंद आणि आत ऐसपैस असं कोठार. पुराचं पाणी शिरल्यानं बऱ्याच पेवांचं नुकसान झालं, म्हणून आधी गावातल्या जाणत्या माणसाला भेटून काय बघता येईल ते ठरवा. ‘शिकवण्यांचं पेव फुटलंय’ असं आपण सहज म्हणतो. पेव काय असतं हे समजल्यावर तो शब्द मुलाचा स्वतःचा होतो.

सहलीआधी, सहलीत, सहलीनंतर

*आधी :* शिक्षकानं ती जागा स्वतः एकदा बघून यावी. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, मुलींबरोबर शिक्षिका, हे ठरलेलंच. एसटी शालेय सहलींना सवलत देते, आगारात चौकशी करा. प्रश्न आठवडाभर आधी फळ्यावर लिहून ठेवा, उत्तर मात्र देऊ नका.

*सहलीत :* डबा घरचाच. भाकरी, चटणी, दशम्या, जे असेल ते, आणि गोल करून वाटून खायचं. प्रत्येकाकडं एक छोटी वही. पाहिलेल्या पाच गोष्टी, ऐकलेले तीन शब्द आणि तिथल्या एका माणसाला विचारलेला एक प्रश्न, इतकंच लिहायचं. एक गोष्ट कटाक्षानं पाळा : नदी काठावरून बघायची. संगमाच्या पाण्यात कुणीही, अगदी पोहता येणाऱ्यानंही, उतरायचं नाही.

*नंतर :* ‘माझी सहल’ हा विषय देऊच नका. सहलीला नेलेला प्रश्नच निबंधाला द्या. पहाटे उठणं, गाडीतली गाणी आपोआप गळून पडतात.

पालकांशी दोन शब्द

“यंदा लांब का नेत नाही?” असं बरेच पालक विचारतात. लांबच्या सहलीत वाईट काही नाही, पण तिच्या खर्चानं वर्गाचे दोन भाग होतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. पैसा नसलेल्या मुलासाठी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग याच जिल्ह्यानं दाखवला. त्या मातीतल्या शाळेत सहलीच्या दिवशी एखादं मूल घरी बसून राहावं, हे बरं दिसत नाही.

आणि आपणही एखाद्या रविवारी मुलांना घेऊन निघा. अजिंक्यतारा, माहुलीचा संगम, औदुंबर, सागरेश्वर, कुठंही. मुलानं विचारलेलं माहीत नसेल तर “मलाही माहीत नाही, चल विचारू” म्हणा.

हरिपूरला जाऊन आल्यावर आमच्या वर्गात एका मुलानं लिहिलं होतं, ‘पेव आत वाकून बघितलं तर गार वाटलं आणि हळदीचा वास आला. मी आईला विचारलं, आपण जमिनीत काय ठेवतो? ती म्हणाली, काही नाही, आपली जमीनच नाही.’ शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या आणि निबंध वर्गात वाचून दाखवला.

यंदा तुमची सहल कुठं जाणार आहे? आणि प्रश्न कोणता नेणार आहात?