पालखीतला वारस

मुलांनो, उजनी धरणाकाठच्या करमाळा-माढ्याकडच्या गावांत ‘सातबारा’ आणि ‘वाटणी’ हे शब्द लहान पोरांनाही पाठ असतात. आजोबांचं रान कुणाच्या नावावर लागणार, यावरून घरोघरी केवढी बोलणी होतात! मग अख्खं संस्थान नावावर लागायचं असेल तर?

उजनीतून सुटलेलं भीमेचं पाणी पंढरपूरवरून खाली जातं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्याच्या कडेने वाहतं. या अक्कलकोटला १९४८ पर्यंत राजे होते. त्यांतला पहिला राजा जन्माने पाटलाचा मुलगा होता, बरं का!

साल १७०७. औरंगजेब वारला आणि मोगलांच्या कैदेत वाढलेले शाहू महाराज सुटून दक्षिणेकडे निघाले. वाटेत मराठवाड्यातल्या पारद गावी त्यांना विरोध झाला. लढाई जुंपली, पाटील सयाजी लोखंडे मारले गेले. तेव्हा पाटलीणबाई आपलं तान्हं पोर घेऊन थेट महाराजांसमोर आल्या आणि त्यांनी ते पोर पालखीतच ठेवलं! ज्यांच्या फौजेने नवरा मारला, त्यांच्याच ओटीत लेकरू घालायचं. काय धीर असेल त्या आईचा!

महाराजांनी पोराला आपलं मानलं. पहिलीच लढाई फत्ते झाली, म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह. आडनावही आपलंच दिलं, भोसले. पुढे अक्कलकोटही दिलं. मात्र १७४९ मध्ये शाहू महाराज वारले तेव्हा साताऱ्याची गादी मिळाली रामराजांना. फत्तेसिंह अक्कलकोटकरच राहिले. त्यांनाही मुलगा नव्हता. त्यांनी शहाजींना दत्तक घेतलं.

या घराण्यात फत्तेसिंह, शहाजी, मालोजी हीच नावं आलटून पालटून येतात. परीक्षेत विचारलं तर घोटाळाच! पण जर्मनीतल्या रॉइस या चिमुकल्या संस्थानाची गंमत ऐका. तिथे राजघराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिशच. ओळखायचं नंबरावरून! थोरल्या पातीत शंभरापर्यंत मोजायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात. तिकडेही भावाभावांच्या वाटण्यांत राज्याचे तुकडे पडले होते. १९१८ मध्ये तिथली राजेशाही संपली.

आता आपल्याकडचा पेच पाहा. १८४८ मध्ये साताऱ्याचे राजे आप्पासाहेब वारले. त्यांनी दत्तक घेतला होता, पण गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर केला. ज्या साताऱ्याने पाटलाच्या पोराला राजा केलं, ते सातारा दत्तकाच्याच पायी बुडालं. अक्कलकोट मात्र टिकलं. त्याचा मांडलिकपणा साताऱ्याकडून इंग्रजांकडे गेला, एवढंच.

संस्थान होतं जेमतेम ४९८ चौरस मैलांचं. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं. पण अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार प्रसिद्ध आहे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला घरचे निघाले, तर तिकडेही न्या म्हणून हट्ट धरा.