शनिवार ते शनिवार

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी कामगाराचे कुटुंब तीन एककांचे धरले : पुरुष १, स्त्री ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, आणि प्रत्येक एककास रोज २,७०० कॅलरी. हा हिशोब मालकांपुढे आम्ही घसा कोरडा होईतो मांडला. पण घरात सर्वांमागून जेवणारीच्या ताटात तो ०.८ वाटा पडतो काय, हे मात्र आम्ही फार उशिरा पाहिले.

म्हणून आठवड्याचे जेवण आधी ठरवावे. आटपाडीचा बाजार शनिवारचा. पहिले दोन दिवस मेथी, शेपू; पुढे वांगी, गवार; शेवटी टिकाऊ भोपळा नि कांदा. भाजी संपली तरी हुलग्याचे माडगे आहे, पिठले आहे. गुरुवारी मोडाची मटकी हवी, तर मंगळवारी रात्रीच भिजत घालावी लागते. तीन भाग धान्यास एक भाग डाळ-कडधान्य, हे प्रमाण ठेवावे. भाकरीत लायसीन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

मात्र यादीची पहिली ओळ माणसांची असावी, जिनसांची नव्हे. चार माणसे असतील तर चौघांचे माप काढावे, आणि चौघांनी एकाच वेळी पाटावर बसावे. मागाहून बसणारीला उरलेसुरले मिळते. ते कोणत्याही परिषदेच्या ठरावाने बदलत नाही. ते आपणच आपल्या घरात बदलायचे आहे.