कुत्रा आणण्याआधी

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हल्ली सायबेरियन हस्कीही दिसतो. बर्फात स्लेज ओढणाऱ्या या जातीची दाट, दुहेरी लव मे महिन्यात तिच्याच जिवावर उठते. चपट्या नाकाच्या पगलाही उकाड्यात धाप लागते.

गावठी पिल्लू मात्र इथल्या हवेला सरावलेलं असतं.

कुत्रा साधारण 10 ते 13 वर्षं जगतो. पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू तो कॉलेजात गेल्यावर आई-बाबांच्याच गळ्यात पडतं. रोज फिरवणार कोण, सुट्टीत गावी गेल्यावर सांभाळणार कोण, हे आधीच ठरवावं. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीजच्या लशी आणि महापालिकेचा परवाना यांचा खर्चही धरावा.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. त्यामुळे विकत घेताना वय विचारावं, शक्यतो त्याची आईही पाहावी.