गाढवाची गोष्ट लंडनमध्ये

कलेच्या आश्रयदात्यांसाठी संग्रहालये मार्गदर्शकासह खास फेऱ्या काढतात. २०१६ साली टेट मॉडर्नमध्ये भूपेन खख्खर यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा अशाच एका फेरीत आम्ही उभयता सामील झालो. मुंबईत जन्मलेले खख्खर बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रे काढीत. त्यांच्या १९८१ च्या चित्रात सज्जातला नग्न पुरुष खाली पाहतो आहे. खाली बापलेक आणि गाढव! ही गोष्ट आम्ही आजीकडून ऐकलेली. ‘सर्वांना खूश करता येत नाही’ हे तात्पर्यच चित्राचे नाव. पण याच चित्रातून खख्खरांनी आपली समलैंगिकता उघडपणे मांडली, हे मात्र मार्गदर्शिकेने सांगितले तेव्हाच उमगले. फेरीत मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो. वाचकहो, टेटचा कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. एकदा अवश्य जा.