जन्मकल्याणकाची कागदी पताका

चैत्र शुद्ध त्रयोदशी जवळ आली की सांगली-सातारा भागातील जिनमंदिरांच्या आवारात रंगीत कागदाचे ताव उलगडू लागतात. शाळूची काढणी आटोपलेली असते, कडब्याच्या गंजी रचून झालेल्या असतात, त्यामुळे पाठशाळेतील मुलांना पताकेच्या काठीसाठी धाटे शोधत फिरावे लागत नाही. भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाची मिरवणूक एखाद्या लहान गावातील असो वा फलटणसारख्या मंदिरांच्या नगरीतील, तिच्या अग्रभागी पंचरंगी ध्वज असतोच. अलीकडे मात्र या ध्वजाभोवती फ्लेक्सची आणि प्लास्टिकच्या पताकांची इतकी दाटी झाली की कागद, कात्री आणि खळ यांची जुनी बैठक पुष्कळ ठिकाणी मोडली. ती पुन्हा मांडण्यात हौस आहे, काटकसरही आहे. परंतु पताका कशाने चिकटवली, तिच्यावर काय लिहिले आणि सण सरल्यावर ती कुठे गेली, हे प्रश्न मुळात श्रावकाच्या आचाराचे आहेत.

ध्वजाला जैन परंपरेत मोठे स्थान आहे. दिगंबर परंपरेतील अष्टमंगल द्रव्यांत झारी, कलश, दर्पण, चामर, पंखा, छत्र व सुप्रतिष्ठ यांच्या बरोबरीने ध्वजही येतो. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात समवसरणाचे जे वर्णन आहे, त्यात ध्वजांची एक स्वतंत्र भूमीच आहे. माला, वस्त्र, मयूर, कमल, हंस, गरुड, सिंह, वृषभ, गज आणि चक्र अशा दहा चिन्हांचे ध्वज, प्रत्येक चिन्हाचे एकेका दिशेला १०८. म्हणजे एका दिशेला १०८० आणि चारही दिशांना मिळून ४३२०. पाठशाळेतल्या मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावावा. आपण ज्या तिकोनी पताका दोऱ्याला लावतो आहोत त्यांचे पूर्वज कोण, हे त्यांना चटकन कळते.

आजचा पंचरंगी ध्वज त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. वीरनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९७४-७५ मध्ये सर्व संप्रदायांनी मिळून तो स्वीकारला. लाल पट्टी सिद्धांची, पिवळी आचार्यांची, मधली पांढरी अरिहंतांची, हिरवी उपाध्यायांची आणि खालची गडद निळी साधूंची. पांढरी पट्टी इतरांच्या दुप्पट रुंद असते आणि ध्वजाच्या रुंदी-लांबीचे प्रमाण दोनास तीन असते. घरी बनवताना नेमकी इथेच गफलत होते. पाचही पट्ट्या सारख्या कापल्या जातात. उंचीचे पाच भाग न करता सहा करावेत. बारा इंच उंचीच्या ध्वजात पांढरी पट्टी चार इंचांची, बाकीच्या दोन-दोन इंचांच्या आणि लांबी अठरा इंच. पांढऱ्या पट्टीवर मधोमध केशरी स्वस्तिक, त्यावर रत्नत्रयाचे तीन बिंदू आणि वर सिद्धशिलेची चंद्रकोर. पट्ट्या जोडताना एकमेकींवर पाव इंच चढवाव्या लागतात, तेव्हा कापताना तेवढी जास्तीची जागा धरावी.

आता खळ. बाजारातला सरस हा प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला असतो, हे जुन्या पिढीला पक्के ठाऊक होते. म्हणून मंदिराच्या कामाला सरस चालत नसे. घरोघरी गव्हाच्या पिठाची खळ शिजे. मूठभर पीठ गाळलेल्या थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचे, मंद आचेवर एकसारखे ढवळायचे आणि दुधाळपणा जाऊन तिला काचेसारखी झाक आली की उतरवायचे. चिंचोक्याची खळ अधिक चिवट होते. मात्र साठवणीतल्या चिंचोक्यांना भुंगा लागलेला असतो, म्हणून ते एकेक करून शोधून घ्यावे लागतात. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालतात. खळ टिकते, कागदाला कसर लागत नाही. पण कसर लागत नाही याचा अर्थ ती खाणारा जीव मरतो! अहिंसेच्या सणाची पताका विष घातलेल्या खळीने चिकटवणे विसंगतच नव्हे काय? यावरचा उपाय साधा आहे आणि तो स्वयंपाकघरातून आला आहे. पिठाची मर्यादा आपल्याकडे पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची धरतात. मर्यादेतलेच पीठ घ्यावे, त्या दिवशी लागेल तेवढीच खळ शिजवावी आणि संध्याकाळपर्यंत संपवावी. कामही सूर्यास्तापूर्वीच आटोपावे. रात्री दिव्याखाली बसले की ओल्या खळीवर चिलटे येऊन चिकटतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

कागदाच्या निवडीत फार डोके खपवू नये. तिकोनी पताकांना पतंगी कागद उत्तम. तो हलका असतो आणि वाऱ्यावर छान सळसळतो. क्रेप कागद दिसायला देखणा, पण वळिवाची एक सर आली की त्याचा रंग उतरून पांढऱ्या पट्टीवर ओघळतो. ज्याला दुकानात जिलेटीन पेपर म्हणतात तो आता बहुधा प्लास्टिकचाच असतो, तो टाळावा. ध्वजासाठी मात्र शक्य तर हातकागद आणावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही आणि घडी घातली तरी तो सहज फाटत नाही. एक कौतुकाची गोष्ट अशी की, भारतातले जुने कागदी कागदाला पिठाची किंवा भाताची खळ देऊन दगडाने घोटत, तर युरोपात त्याच कामी जनावरांचे जिलेटीन वापरले जाई.

दोरा सुती असावा. नायलॉनचा दोरा सणानंतर झाडांत अडकून राहतो आणि त्यात पक्ष्यांचे पाय गुंततात. पताकेची वरची कडा अर्धा इंच दुमडून दोरा आत घ्यावा व फक्त त्या दुमडीलाच खळ लावावी. काठीसाठी घेतलेले धाट उभे चिरून पाहावे. आत अळी असेल तर ते अलगद बाजूला ठेवून दुसरे घ्यावे.

सर्वांत नाजूक मुद्दा अक्षरांचा आहे. उत्साहाने पुष्कळ जण प्रत्येक पताकेवर णमोकार मंत्र लिहितात, तीर्थंकरांचे चित्र छापतात. दुसऱ्या दिवशी तीच पताका रस्त्यावर, वाहनांखाली, पायांखाली दिसते. हा अविनय जाणूनबुजून कोणी करत नाही, पण होतो. कागदी माळेवर रंगच असावेत; फार तर ‘अहिंसा’ एवढा एक शब्द. मंत्र, प्रतिमा आणि स्वस्तिकासह असलेला मुख्य ध्वज हे सन्मानाने मंदिरात परत येणारे, जपून ठेवण्याचे. काहींना अशा माळा ओक्याबोक्या वाटतील. वाटोत.

कायदाही आता आडून का होईना, हेच सांगतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक व थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचा थर्माकोल आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर बंद झाले. जाड फ्लेक्स या नियमातून निसटतो. तेवढ्यापुरता निर्णय मंदिराच्या समितीलाच घ्यावा लागतो.

हाताने काम करण्याचा कमीपणा या भागाला तरी वाटू नये. १८८७ मध्ये कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र मुलांच्या हातांना दिला. त्यांच्या वसतिगृहांत मुले श्रम करून शिकत. अर्धा दिवस कात्री चालवणे हे त्यापुढे किती!

उरते ते पताका उतरवणे. माळा बांधताना त्यांची संख्या वहीत लिहून ठेवावी आणि मिरवणूक संपल्यावर त्याच संध्याकाळी तितक्याच माळा उतरल्या की नाही हे मोजून पाहावे. वाऱ्याने तुटलेल्या पताका गोळा करण्याचे काम मोठ्या मुलांकडे द्यावे. सुती दोरे गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात. कागद जाळू नये, कृष्णेत सोडू नये. चांगले तुकडे वह्यांच्या कव्हरांना आणि पाकिटांना उपयोगी पडतात. उरलेले, पिठाच्या खळीचे असल्याने, बागेच्या मातीत सहज मिसळतात. मुख्य ध्वजाची घडी घालून तो मंदिराच्या कपाटात ठेवावा आणि वहीत त्या दिवसाची तिथी घालून माळांच्या दोन्ही संख्या शेजारी शेजारी लिहाव्यात.